हाकेच्या अंतरावर

साठ आणि आठ या दोन संख्यांमध्ये बोलताना अवघ्या एका ‘स’चे अंतर आहे. व्यापाऱ्याच्या कानाला एवढे अंतर जन्मभर पुरते. त्यावरच भाव ठरतो, माल भरला जातो आणि उधारी लिहिली जाते. परंतु वयोमानाने श्रवणशक्ती उणावू लागली की ती सर्व आवाजांसाठी सारखी उणावत नाही. आधी जातात ते बारीक, उंच पट्टीचे ध्वनी. ट्रकचा हॉर्न, शटर ओढल्याचा गडगडाट, लग्नाच्या वरातीतला ढोल हे सारे पूर्वीसारखेच ऐकू येत राहते; स, श, फ यांसारखे वर्ण मात्र नकळत गळून पडतात. म्हणूनच घरातील वडीलधारी मंडळी अगदी खरेपणाने सांगतात की, ऐकू येते पण समजत नाही. ‘स’चा मुख्य जोर असतो साधारणपणे चार हजार हर्ट्झच्या वर. जुना टेलिफोन मात्र तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेत असे. म्हणजे ‘स’चा बराचसा भाग तारेवर चढतच नसे, ऐकणारा तो संदर्भावरून आपल्या मनाने भरून घेई. ‘साखर पाठवा’ म्हटले तर संदर्भ पुरतो. ‘साठ पाठवा’ म्हटले तर कसला संदर्भ?

साक्री हे धुळे जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, सुरत–धुळे–नागपूर महामार्गावरचे, कान नदीच्या काठचे. कानाच्या कहाणीत नदीचे नावही कानच असावे, हा निव्वळ योगायोग. या गावाच्या बाजारपेठेत एका मारवाडी जैन कुटुंबाचे धान्य-किराण्याचे दुकान आहे. पुढे पांढऱ्या चादरीची गादी, तिच्यामागे काउंटर आणि संगणक, त्यामागे पोत्यांचे गोदाम, आणि वरच्या मजल्यावर घर. गादीवर बसतात ते चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबूजी. घरात मारवाडी, गिऱ्हाइकांशी अहिराणी, कचेरीत मराठी आणि सुरतेच्या व्यापाऱ्यांशी फोनवर गुजराती, अशा चार भाषांत हा कान वावरला. चारही भाषांतील ‘स’ त्याच्यापासून एकाच वेळी दुरावला.

तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीची गोष्ट. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात; सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि घरोघर पुरण शिजते. हरभऱ्याच्या डाळीला त्या आठवड्यात सोन्याचे मोल असते. पिंपळनेरच्या बाजूच्या एका खेड्यातील लहान दुकानदाराने फोनवरून साठ किलो डाळ मागितली. बाबूजींनी वहीत आठ लिहिले. टेम्पोतून आठ किलो गेली. आठ किलोंसाठी सणाच्या तोंडावर कोण मुद्दाम फोन करील, अशी शंका यायला हवी होती, असे मागाहून सर्वांनीच म्हटले. पण गर्दीच्या दिवशी मागाहूनचे शहाणपण कोणाजवळ असते? त्या दुकानदाराला सणाच्या आदल्या दिवशी गिऱ्हाइके परत पाठवावी लागली. पुढच्या महिन्यापासून त्याने माल दुसरीकडून भरायला सुरुवात केली. त्याच्या वडिलांपासून चालत आलेले खाते होते ते. भांडण झाले नाही, शब्दाने शब्द वाढला नाही, शेवटची बाकीसुद्धा त्याने पै-पैशासह चुकती केली. हे चोखपणच बाबूजींना अधिक लागले.

घरात श्रवणयंत्राचा विषय त्याआधीही निघाला होता आणि प्रत्येक वेळी बाबूजींनी तो हाताने झटकून टाकला होता. चष्म्याला बाजारात कोणी म्हातारपण म्हणत नाही; उलट तो चढवून वही वाचणारा माणूस जाणता वाटतो. कानातले यंत्र दिसले मात्र की समोरचे दोघे आपसांत खालच्या सुरात बोलू लागतात, ‘यांना सांगून काय उपयोग’ अशा नजरेने मुलाकडे पाहतात. बाबूजींचा विरोध हट्टाचा नव्हता. बाजाराच्या रीतीचा त्यांना पुरता अनुभव होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये श्रवणाविषयी जो जागतिक अहवाल काढला, त्यात जगभर दीडशे कोटींहून अधिक माणसांना कमी-अधिक ऐकू येत नाही असे नोंदवले आहे. त्यांपैकी त्रेचाळीस कोटींना उपचाराची वा साधनाची गरज आहे. एवढी मोठी जमात असूनही एकेक जण स्वतःला एकटाच समजून लपवत राहतो, हे नवलच म्हणायचे.

या लपवण्याची किंमत घरात सर्वांत जास्त कोणी मोजली असेल तर ती सूनबाईंनी. दुकानाचा हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, संगणकावरची बिले हे सारे त्यांच्याकडे आहे. त्यांच्या सासूबाई आपल्या सासऱ्यांसमोर कधी उघड आवाजात बोलल्या नव्हत्या. पदर पुढे ओढून, भिंतीला किंवा मुलाला सांगावे तसे त्या बोलत. सूनबाईंच्या पिढीत ती प्रथा सैल झाली. तरी वडीलधाऱ्यांपुढे आवाज चढवू नये, हे संस्कार त्यांच्या अंगात मुरलेले आहेत. आणि त्यांच्याच वाट्याला दिवसातून पन्नास वेळा भर पेठेत ओरडणे आले. “बाबूजी, अमक्याची बाकी बावीस हजार!” हे शेजारच्या दोन्ही दुकानांत, समोरच्या चहाच्या टपरीवर आणि खुद्द त्या अमक्याच्या मेहुण्याला एकदमच ऐकू जाई. उधारीची गोष्ट झाकून ठेवायची असते. आणि सून सासऱ्यांवर ओरडते, अशी कुजबुज गावात उठायला कारण तरी किती लागते?

डाळीच्या प्रकरणानंतर सहा महिन्यांनी बाबूजी स्वतःच म्हणाले, चला धुळ्याला. तिथे त्यांच्या दोन्ही कानांचा आलेख काढला गेला. उंच पट्टीकडे ती रेघ एखाद्या घाटासारखी खाली उतरत गेली होती. जी यंत्रे घेतली ती कानामागे दडणारी, तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढ्या सुट्या भागांची. पण सूनबाईंनी दुकानदाराला एकच प्रश्न आग्रहाने विचारला होता: यांना फोन जोडता येतो का? साध्या श्रवणयंत्राला फोन चिकटवला की ते शिट्टी वाजवते, हे त्यांनी माहेरी आजोबांच्या बाबतीत पाहिले होते. नव्या यंत्रात फोन कानाला लावावाच लागत नाही. तो खिशात राहतो आणि बोलणाऱ्याचा आवाज बिनतारी मार्गाने थेट दोन्ही कानांत उतरतो. तोही त्या त्या कानाच्या आलेखाप्रमाणे, जिथे घाट आहे तिथे आवाजाला टेकू देऊन.

या बिनतारी मार्गाचे नाव ब्लूटूथ. शब्दशः अर्थ ‘निळा दात’. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होऊन गेला. त्याचा एक दात काळानिळा असावा म्हणून त्याला हे टोपणनाव पडले, असे सांगतात. विखुरलेल्या टोळ्या एका छत्राखाली आणल्याबद्दल इतिहासाला त्याची आठवण आहे. स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसन या डच अभियंत्याने १९९४ च्या सुमारास फोन आणि त्याची साधने यांच्यातील तार काढून टाकण्याच्या खटपटीला हात घातला. इंटेलचे जिम कार्डाक यांनी त्या कामासाठी तात्पुरते म्हणून या राजाचे नाव सुचवले. ते तात्पुरते नावच कायम झाले. निळ्या चौकटीतले ते टोकदार चिन्हही त्या राजाच्या नावाची दोन आद्याक्षरे प्राचीन रून लिपीत एकावर एक ठेवून बनले आहे.

व्यापारी वाचकाला नावापेक्षा पुढची गोष्ट अधिक पटेल. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन या तंत्राचे एकच मानक ठरवण्यासाठी गट स्थापन केला. बाजारात एकमेकींच्या उरावर बसणाऱ्या कंपन्या! पण प्रत्येकीने आपापली वेगळी पद्धत काढली असती, तर एकीचा फोन दुसरीच्या श्रवणयंत्राशी बोललाच नसता. आपल्याकडे १९५६ चा वजन-मापांचा कायदा येण्यापूर्वी एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेच्या शेराला जुळत नसे. माल तोच, माणसे तीच, आणि तरीही प्रत्येक सौद्यात मापाचा वाद. किलो आला आणि वाद भावापुरता उरला. या पाच कंपन्यांनी हवेतल्या बोलण्याचा किलो ठरवला. स्पर्धा त्यानंतरही राहिलीच, पण ती मालाच्या गुणाची.

हे बोलणे चालते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. बिनतारी लहरींवर आपल्या देशाचा कल नेहमी परवान्याकडे राहिला आहे. बाबूजींच्या लहानपणी घरात नुसता रेडिओ ठेवायचा तरी पोस्टात दरवर्षी शुल्क भरून परवान्याच्या पुस्तकावर तिकीट लावून घ्यावे लागे. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने नियम करून २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. आज वायफाय, खेळण्यातली विमाने, बिनतारी माउस हे सारे त्याच अरुंद गल्लीतून ये-जा करतात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हसुद्धा तिथेच घुमतो. आणि भारतीय म्हणून एवढे तरी आठवावे की, जवळच्या अंतरावर बिनतारी लहरींनी काम करून घेता येते, हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्येच कोलकात्यात लोकांसमोर दाखवले होते. त्यांच्या लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली आणि दारू पेटवली.

गल्ली अरुंद, गर्दी फार, मग बाबूजींच्या कानातला आवाज शेजारच्या वायफायला धडकत कसा नाही? ब्लूटूथच्या मूळ पद्धतीत या पट्ट्याचे एकोणऐंशी बारीक मार्ग पाडले आहेत आणि फोन व यंत्र ही जोडी एका सेकंदात सोळाशे वेळा मार्ग बदलते. आठवडे बाजारात दोघा परिचितांनी ठरवून घ्यावे की, एक शब्द भाजीवाल्यापाशी, दुसरा बांगड्यांच्या दुकानापाशी, तिसरा भेळवाल्यापाशी बोलायचा, तसे. क्रम दोघांनाच ठाऊक. वाटेत एखाद्या ठिकाणी फारच गोंगाट असला, तर ती जागा पुढच्या फेरीत टाळायची, ही युक्ती २००३ च्या सुधारणेत आली. अलीकडच्या कमी वीज खाणाऱ्या प्रकारात मार्ग चाळीसच ठेवले आहेत. कानामागच्या इवल्याशा बॅटरीला दिवस काढायचा असतो, त्यासाठी ही काटकसर.

शक्ती किती लागते? फोन आणि हेडफोन यांसारख्या साधनांत सामान्यतः अडीच मिलिवॅट. दुकानातला नऊ वॅटचा एलईडी दिवा याच्या छत्तीसशे पट वीज घेतो. एवढ्याशा शक्तीत आवाज दहाएक मीटर जातो. हाकेच्या अंतरावर म्हणतो ना आपण, तेवढाच, किंबहुना त्याहूनही थोडा कमी. या लहरी पाण्यात मुरतात, आणि माणसाचे शरीर म्हणजे बहुतांशी पाणीच. बाबूजी फोन झब्ब्याच्या डाव्या खिशात ठेवून उजवीकडे वळले की आवाज अधूनमधून तुटे. छातीवरच्या खिशात ठेवल्यावर ते थांबले. गोदामात तांदळाच्या थप्प्यांआड गेले की पुन्हा तुटे. धान्यातही ओल असते आणि लोखंडी घोडे लहरी परतवून लावतात. माणसाचे डोकेसुद्धा आड येते. त्यामुळे काही यंत्रांमध्ये डाव्या कानाचे उजव्या कानाशी चालणारे बोलणे या लहरींवर न सोपवता अगदी जवळच्या चुंबकीय क्षेत्रातून करतात. सूनबाईंचा मुलगा अकरावीत आहे. त्याने हे सारे आजोबांना गोदामात फिरवून दाखवले आणि कोणत्या थप्पीपाशी आवाज जातो ते खडूने आखून ठेवले. ती खडूची रेघ अजून तिथे आहे.

पेठेत या तंत्राविषयी एक समज मात्र सरसकट चुकीचा आढळतो. पैसे जमा झाल्याचे ओरडून सांगणारा यूपीआयचा डबा ब्लूटूथवर चालतो, असे अनेकांना वाटते. त्यात स्वतःचे सिमकार्ड असते. तो थेट मोबाइलच्या मनोऱ्याशी बोलतो. म्हणून मालक मुंबईला गेला तरी डबा साक्रीत बोलतो. बिलाची चिठ्ठी काढणारा हातातला छोटा प्रिंटर मात्र बहुधा ब्लूटूथचाच, आणि तो मालकाच्या खिशातल्या फोनबरोबर दुकानाबाहेर गेला की गप्प होतो.

आता ‘स’कडे वळू. ब्लूटूथच्या जुन्या हेडसेटमध्ये आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजला जाई. त्यात चार हजार हर्ट्झच्या वरचे काही राहूच शकत नाही. म्हणजे तार गेली तरी जुन्या टेलिफोनची मर्यादा तशीच राहिली होती. २०११ नंतरच्या मानकात मोजणी सोळा हजारांवर गेली. तिकडे फोरजीच्या जाळ्यावर बोलताना मोबाइलचा आवाजही सात हजार हर्ट्झपर्यंत रुंदावला. ही दोन्ही टोके जुळली तेव्हा कुठे ‘साठ’मधला ‘स’ बोलणाऱ्याच्या ओठापासून बाबूजींच्या कानापर्यंत शाबूत पोहोचू लागला. पहिल्या दिवशी सुरतेहून आलेल्या फोनवर ते बोलणे सोडून नुसते ऐकतच राहिले. नंतर म्हणाले की, त्या व्यापाऱ्याच्या बोलण्यात किंचित तोतरेपणा आहे, हे आपल्याला वीस वर्षांत प्रथमच कळले.

सारेच काही सुरळीत झाले नाही. दोन साधनांनी एकमेकांना ओळखून लक्षात ठेवणे, याला जोडणी म्हणतात. एकदा ओळख पटली की पुढे भेटताच न विचारता जोडले जातात. जुन्या आडतीतल्या ओळखीसारखेच. यंत्रे बसवताना ती नातवाच्या फोनला जोडली गेली होती, कारण त्या वेळी त्याचाच फोन हाताशी होता. घरी आल्यावर जेवणाच्या ताटावर बाबूजी मधूनच दचकू लागले. नातू वरच्या खोलीत क्रिकेटचा सामना पाहत होता आणि समालोचन आजोबांच्या कानात चालले होते. हसण्यावारी गेले. सामायिकाला बसताना बाबूजी यंत्रे काढून डबीत ठेवतात, यंत्र सोबत न घेण्याचा त्यांचा नेम आहे. म्हणून निदान ती अठ्ठेचाळीस मिनिटे तरी वाचली. दुसऱ्या वेळी मात्र हसू आले नाही. दुपारी भजने लावण्यासाठी दुकानात एक स्वस्तातला स्पीकर होता. बाबूजींचा फोन केव्हातरी त्याला जोडला गेलेला. धुळ्याच्या दलालाचा फोन आला आणि तूरडाळीचा खरेदीचा भाव कानात न येता स्पीकरवरून दुकानभर दुमदुमला. समोर उभ्या गिऱ्हाइकाने शांतपणे तोच भाव मागितला.

त्या संध्याकाळी बाबूजींनी नातवाला रुमालाखालच्या सौद्याची हकीकत सांगितली. त्यांच्या आजोबांच्या काळी कापसाचे दलाल भर बाजारात उभे राहून, उपरण्याखाली एकमेकांचे हात धरून, मुक्याने भाव करीत. किती बोटे दाबली त्यावरून आकडा. शेकडा की दहा, हे दोघांना आधीच माहीत. भोवती पन्नास माणसे उभी, आणि भाव दोघांनाच ठाऊक. बैलबाजारांत ही पद्धत पुढेही अनेक वर्षे टिकून होती. नातू म्हणाला, हेच तर ब्लूटूथ. बाबूजींनी मान हलवली, पण पुढचेही सांगितले: त्या उपरण्याखाली दलालांचेच हात असत, कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याचा नसे. तो शेजारी उभा राहून आपल्या मालाचा भाव उपरण्याच्या हालचालीवरून ताडत असे. १९२७ च्या मुंबई प्रांताच्या कापूस बाजार कायद्यानंतर उघड लिलावाचे बाजार सुरू झाले. खानदेशातील धुळे हे त्यांतले आरंभीचे एक ठिकाण. बाजार समित्या आल्या आणि उपरणे उचलले गेले. ते योग्यच झाले, असे या आडतदाराच्या नातवाचेही मत आहे. झाकणाचे गुणदोष झाकणात नसतात; आत कोणाचा हात आहे आणि बाहेर कोण ठेवला गेला आहे, हे पाहावे लागते.

हा विचार घरात फार लवकर कसाला लागला. फोनचा प्रश्न सुटला तरी दुकानातला गलका होताच. गर्दीत श्रवणयंत्र सगळेच आवाज मोठे करते. म्हणून धुळ्याहून एक छोटा माइक आणला गेला, अंगठ्याच्या पेराएवढा, पदराला अडकवायचा. सूनबाई काउंटरवरून नेहमीच्या आवाजात बोलतात आणि ते शब्द गादीवर बाबूजींच्या कानात सरळ उतरतात, मधला गलका ओलांडून. ओरडणे त्याच दिवशी संपले. चौथ्या की पाचव्या दिवशी सूनबाई माइक पदराला तसाच ठेवून मागच्या जिन्यात गेल्या. तिथे त्यांचे यजमान भेटले. दोघांत जे बोलणे झाले ते बाबूजींविषयीच होते: फोनवरच्या मागण्या आता बाबूजींनी घेऊ नयेत, एवढी मोठी चूक झाली, पुन्हा झाली तर कोण निस्तरणार, पण त्यांना सांगायचे कसे, त्यांना किती वाईट वाटेल. गादी आणि जिना यांत सात-आठ मीटरचे अंतर. शब्द न् शब्द पोहोचला.

बाबूजींना यंत्र काढून ठेवता आले असते. ऐकत राहताही आले असते. आयुष्यभर बाजारात बसलेल्या माणसाला ऐकून न ऐकल्यासारखे करणे काही कठीण नाही. त्यांनी गादीवरूनच हाक मारली, “बेटा, माइक चालू आहे.”

जिन्यात बराच वेळ शांतता होती, असे सूनबाई सांगतात. त्या खाली आल्या तेव्हा डोळे भरलेले होते. बाबूजींनी विषय वाढवला नाही. एवढेच विचारले की माइकचे बटण कुठे असते. दुसऱ्या दिवसापासून दुकानात एक रीत सुरू झाली. मागणी बाबूजीच घेतात, पण प्रत्येक आकडा उलटून म्हणतात, “साठ, म्हणजे सहावर शून्य ना?” आणि समोरच्याने हो म्हटल्यावरच लिहितात. सूनबाई संध्याकाळी ती पाने ताडून पाहतात. ही रीत खरे म्हणजे तरुण कानांनीही पाळायला हरकत नाही. बँकेतली आणि विमानतळावरची माणसे ती पाळतातच. गेलेले खाते अद्याप परतलेले नाही.

जोडणीच्या बाबतीत घर आता कमालीचे दक्ष झाले आहे. स्वस्तातल्या स्पीकरला कोणताही संकेतांक लागत नव्हता, किंवा चार शून्ये चालत होती. तो बाद झाला. नव्या साधनांत दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या दिसते आणि ती जुळली तरच ओळख पटते. २००७ नंतरच्या मानकांनी दिलेली ही सोय वापरायची की घाईत नुसते ‘हो’ दाबायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. गेल्या दिवाळीत कुटुंबाने जुनी मोटार विकली. गाडी देण्याआधी नातवाने तिच्या पडद्यावर पाहिले, तेव्हा बाबूजींच्या फोनमधील सगळी नावे-नंबर तिथे उतरलेली होती. दलाल, गिऱ्हाइके, बँकेचे साहेब, नात्यातली माणसे. गाडी घेणारा त्याच पेठेतला. नातवाने ती जोडणी पुसून टाकली आणि मग किल्ली दिली. जुनी मोटार विकणाऱ्या किती घरांत हे केले जाते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. चोपडी कोणी दुसऱ्याच्या हाती देत नाही. मोटारीतून ती सहज जाते.

संध्याकाळी दिवे लागल्यावर सूनबाई दिवसाची उधारी वाचून दाखवतात. माइकची कळ दाबतात, नावे आणि रकमा एकेक करून सांगतात. बाबूजी गादीवर डोळे मिटून ऐकतात आणि एखाद्या नावापाशी बोट वर करतात. तेवढे नाव पुन्हा वाचले जाते. आवाज काउंटरच्या पलीकडे जात नाही. शेजारच्या दुकानाचे वयस्कर मालक परवा गादीवर येऊन बसले, पाणी प्यायले आणि इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्यावर काळजीच्या सुरात म्हणाले की, हल्ली तुमच्या दुकानातून काहीच ऐकू येत नाही, धंदा बरा चालला आहे ना?